रुमाल वाळेपर्यंत

मदिनाबीच्या घरात इंग्रजी शब्द एकच होता, आणि तो शिवलिंगप्पा कापडवाल्यानं आणून दिलेला होता.

तेर गावात तेरणा नदीच्या काठाला रंगाऱ्यांची घरं कधीकाळी पुष्कळ होती म्हणतात. मदिनाबी लग्न होऊन जळकोटहून आली तेव्हा एकच उरलं होतं, तिच्या सासऱ्याचं. सासरा लवकर गेला. मग घरात तिघं राहिली: नवरा जैनोद्दीन, सासू सरदारबी आणि ती. एक मूल झालं होतं, ते छठीसुद्धा न बघता गेलं. त्यानंतर काही झालं नाही, आणि त्याबद्दल घरात कुणी बोललंही नाही.

जैनोद्दीन चुलाण पेटवायचा, रंग उकळायचा, कापड बुडवायचा, पिळायचा. पण रंग उतरला की नाही हे सांगायचं काम मदिनाबीचं. तिचा बापही रंगारी. लहानपणी त्याच्याजवळ बसून ती दुसरं काही शिकली नव्हती. बाप म्हणायचा, ओला रंग खोटं बोलतो. म्हणून ती कापड वाळल्याशिवाय तोंड उघडायची नाही. वाळलं की दाराच्या उजेडात धरायची आणि म्हणायची, "अजून एक बुडी." जैनोद्दीन कुरकुरत पुन्हा चुलाण पेटवायचा.

गिऱ्हाइकाचं कापड आलं की त्याच्या कोपऱ्याला दोऱ्यानं गाठ बांधायची. एका घराला साधी, दुसऱ्याला दुहेरी, तिसऱ्याला कोपरा दुमडून तिरपी. रंगवून झाल्यावर दोरा सोडला की तिथं पांढरं कडं उरायचं. त्या कड्यावरून कुणाचं कापड कुणाचं ते कळायचं. पाटलाचा पटका मांगवाड्यात गेला किंवा कुणाचं लुगडं कुणाच्या सुनेनं नेसलं, असं त्या घरात कधी झालं नाही. घरच्या कापडाला मात्र गाठ बांधत नसत. घरचं कापड जाऊन जाऊन जाणार कुठं?

तिकडं मोठी लढाई सुरू झाली आणि जर्मनीचे रंगाचे डबे यायचे बंद झाले. तेव्हा शिवलिंगप्पा सोलापूरला जाऊन कुठल्याशा एजंटाकडून एक पुठ्ठा घेऊन आले. पुठ्ठ्यावर नखाएवढे कापडाचे तुकडे ओळीनं चिकटवलेले.

"हे बघ मदिना," ते म्हणाले, "ही सगळी ओळ लालची. पण हरेकाची शेड निराळी."

"शेड म्हंजे, आप्पा?"

शिवलिंगप्पा घरात कानडी बोलायचे, दुकानात मराठी, कचेरीत उर्दू. तिन्ही भाषांत शोधून त्यांना काही सापडलं नाही. "म्हंजे असं बघ. लाल तो लालच. पण ह्या लालात न् त्या लालात जे थोडंसं येगळं असतंय ना, दाखवता येतंय पण सांगता येत न्हाय, ते."

"म्हंजे ज्याला नाव न्हाय त्याचं नाव," जैनोद्दीन म्हणाला.

"आता कसं बोललास!"

मदिनाबीकडं नावं काही कमी नव्हती. प्याजी, अंजिरी, धानी, सुरमई, काशनी. बापानं सगळी दिली होती. पण प्याजीच्या अलीकडं आणि गुलाबीच्या पलीकडं जे असतं तिथं बाप नुसता जिभेनं चक् करायचा. त्या चक् ला आता शब्द मिळाला. तिनं तो घरी आणला आणि मग तो सगळीकडं लावला. मडकं घेताना टिचकी मारून म्हणायची, आवाजाची शेड बरी नाही, तडा असणार. जैनोद्दीन कशालाही "हौ" म्हणायचा. त्यातला कबूल झाल्याचा हौ कुठला, दमल्याचा कुठला आणि ऐकलंच नाही त्याचा कुठला, हे तिला शेडवरून कळायचं. सासूच्या खोकल्यालाही दोन शेडी होत्या. एक खरोखरीचा खोकला, दुसरा सुनेला मी जागी आहे हे कळवण्याचा.

सरदारबीला हा शब्द अजिबात खपत नसे. घरातली बोली दखनी, तिच्यात ती म्हणायची, "दाल में नमक कम है तो कम है बोल गे. शेड क्या बोलती? मेम है क्या तू?"

"अम्मा, नमक बराबर है. पर कल के वास्ते का नमक है, आज का नै."

"सुन रे जैनू, तेरी मेम क्या बोलती!"

"हौ," जैनोद्दीन म्हणायचा. तो ऐकलं नाही त्या शेडीचा हौ असायचा.

शेवटचा जर्मन डबा संपत आला तेव्हा मदिनाबीनं त्याच्या तळाचं खरवडून नवऱ्यासाठी रुमाल रंगवला. आधी आल नावाच्या झाडाच्या मुळीचा लाल. त्यावर डब्यातला. आणि सगळ्यात वर करडईच्या फुलांचा कुसुंबी. फुलं ढोकीच्या रस्त्याकडेच्या गोरोबाच्या शेतातली. गोरोबा कुणबी आणि जैनोद्दीन लहानपणी नदीत बरोबर डुंबलेले, त्यानं पाटीभर फुलं फुकट दिली. रुमाल वाळल्यावर तिनं दारात धरला आणि अजून एक बुडी म्हणाली नाही. असा लाल पुन्हा होणार नव्हता, कारण डबा संपला होता. शिवलिंगप्पांनी तो नमुना म्हणून दुकानात लावायला मागितला.

"घरवालीनं डोक्याला बांधायला दिलाय, आप्पा," जैनोद्दीन म्हणाला. "खुंटीला न्हाय."

मग निजामीची शेवटची वर्षं आली. रझाकारांच्या भीतीनं शिवलिंगप्पांसारखी घरं दुकानाला कुलूप लावून सरहद्दीपलीकडं बार्शीला, सोलापूरला गेली. त्या भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामी संपली. आता भिण्याची पाळी मदिनाबीसारख्यांच्या घरांची होती. कोण कुणाला काय करत होतं हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दारं दिवसाही लावलेली असायची.

जैनोद्दीनकडं ढोकीच्या गिऱ्हाइकांची रंगवलेली कापडं पडून होती. तो म्हणाला, देऊन येतो. सरदारबी म्हणाली, नको. तो म्हणाला, "ऐसे दिनों में लोगां के कपडे घर में रहे तो लोगां बोलेंगे रंगारी ले के भागा." आणि गेला. डोक्याला लाल रुमाल होता. मदिनाबी भाकरी थापत होती. जाताना त्यानं काहीतरी विचारलं आणि ती "हौ" म्हणाली. काय विचारलं होतं ते तिला नंतर आठवलं नाही.

तो त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरदारबी त्याच्या वाटणीची भाकरी दुरडीत झाकून ठेवायची आणि सकाळी शिळी म्हणून स्वतः खायची. असं रोज. मदिनाबी सगळी कामं करत होती. पाणी भरत होती, दळत होती. तिला भूक लागायची नाही आणि खाल्लं तर पोट भरल्याचंही कळायचं नाही. हाताला चटका बसला तरी फोड आल्यावर दिसायचा.

एक दिवस सकाळी गोरोबा आला. बरोबर पाशामियाँ होते, मशिदीत झाडलोट करणारे, बांग देणारे म्हातारे. गोरोबा उंबऱ्याच्या बाहेरच बसला.

"चाची," तो सरदारबीला म्हणाला, "माझ्या हिरीत माणसं व्हती. तिघं. मी न् माझ्या भावानं बांधाला पुरली. तोंडं वळखू येण्यासारखी न्हवती. आमास्नी तुमचं पढायचं म्हाईत न्हाय, आमी आपला हात जोडला. एकाच्या गळ्यात हे अडकलं व्हतं."

त्यानं घोंगडीखालून रुमाल काढला. तसाच आणायचा नाही म्हणून त्यानं तो तेरणेत धुतला होता. रुमाल ओला होता, पिळा घातलेला.

मदिनाबीनं तो घोंगडीबाहेर येता येताच ओळखला.

काहीतरी होईल म्हणून ती वाट बघत राहिली. छातीत, पायांत, कुठंतरी. काहीही झालं नाही. बोटं कापसाची असल्यासारखी होती.

"बेटी," पाशामियाँ म्हणाले, "कोपऱ्यांला बघितलं. गाठीचं कडं न्हाय. म्हंजे गिऱ्हाइकाचा तरी न्हाय. पर लाल रुमाल काय, दुनिया बांधती. दुसऱ्या गावात रंगवलेला बी असंल. तू सांग. तुझा म्हणलीस तर फातिहा पढू आणि तू इद्दतीला बस. न्हाय म्हणलीस तर न्हाय. तुझ्याबिगर कुणाला कळणार न्हाय."

इद्दतीला बसायचं म्हणजे विधवा म्हणून ठरलेले महिने घरात बसायचं. हातातल्या बांगड्या फोडायच्या, गळ्यातला काळ्या मण्यांचा लच्छा तोडायचा. आणि सरदारबीनं दुरडीत भाकरी ठेवायची नाही.

"ओला हाय," मदिनाबी म्हणाली. "वाळू द्या."

तिनं रुमाल अंगणातल्या दोरीवर टाकला आणि सगळे बसले. पाशामियाँ तसबीह ओढत होते. गोरोबा जमिनीवर काडीनं रेघा मारत होता. सरदारबीनं त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिलं, त्यानं गूळ हातात धरला आणि तसाच ठेवला. ऊन चांगलं होतं. रुमाल आधी कडांना वाळला, मग मधे.

"मेरे बच्चे का सर बडा था," सरदारबी कुणाकडंही न बघता म्हणाली. "यो छोटा दिखता."

पाशामियाँनी तसबीहचा पुढचा मणी ओढला.

"जैनू का सर बचपन से बडा. टोपी नै मिलती थी उसकू."

रुमाल वाळला. मदिनाबीनं तो काढला, दारात नेला, उजेडात धरला. कुसुंबी सगळा गेला होता. पाण्यात तो राहत नाही हे तिला ठाऊक होतं. तो गेल्यावर खाली काय उरेल हेही ठाऊक होतं, कारण खालचं तिनंच घातलं होतं. कडांना आलाचा विटकरी आणि घड्यांच्या आत डब्याच्या तळाचा लाल. पाठीमागं सासू खोकली. तो खरोखरीचा खोकला नव्हता.

"न्हाय," मदिनाबी म्हणाली. "शेड येगळी हाय."

"शेड म्हंजे?" पाशामियाँनी विचारलं.

"लालच हाय. पर आमच्या घरचा लाल न्हाय."

पाशामियाँनी अल्लाचं नाव घेतलं. सरदारबी उठून आत गेली आणि पीठ चाळायला लागली. गोरोबानं रुमालाची घडी घातली.

"मग ढोकीला एक घर हाय," तो म्हणाला. "पिंजाऱ्याचं. त्यांचं माणूस बी ह्याच रस्त्यानं गेलेलं हाय. त्यास्नी दाखवून येतो."

हे मदिनाबीच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण नाही म्हटलं की रुमाल कुठंतरी पुरला जाईल, असं तिला वाटलं होतं. ती काहीतरी बोलायला गेली, पण गोरोबा रुमाल घोंगडीखाली घालून चालायला लागला होता.

पुढचे दिवस मागच्यांसारखेच गेले. दुरडीत भाकरी झाकली जात होती. कुणी कुणी पुन्हा रंगवायला कापड आणू लागलं. नजर खाली ठेवून द्यायचे आणि लगेच जायचे. मदिनाबी आलाची मुळी कुटत होती तेव्हा गोरोबा पुन्हा आला.

"गावलं घर," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात ओझं उतरल्याचं सुख होतं. "नसीमबी म्हणून हाय बाई. बघितल्याबरोबर रुमाल पोटाशी धरला. लई रडली. फातिहा बी झाली. आता बसली इद्दतीला."

"बरं झालं," मदिनाबी म्हणाली. मुसळ थांबलं नाही.

सरदारबी ज्वारी निवडत होती. गोरोबा गेला तरी ती निवडत राहिली. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"मदिना. उस दिन तेरे 'नै' की शेड अलग थी गे."

मुसळ थांबलं. इतक्या वर्षांत तो शब्द सासूनं पहिल्यांदा स्वतःचा म्हणून वापरला होता.

"मालूम था तो बोले कायकू नै, अम्मा?"

"तू हौ बोलती तो मेरेकू सुनना पडता. तू नै बोली, मैं चुप बैठी. दोनों का चला."

"फिर अब?"

"अब वो ढोकी की औरत मेरे बच्चे पे रो रई." सरदारबीचा आवाज चढला नाही. "मैं माँ है के नै?"

दुसऱ्या दिवशी गोरोबाच्याच गाडीतून दोघी ढोकीला गेल्या. का जायचं हे त्याला सांगितल्यावर त्यानं बैलांकडं बघत नुसती मान हलवली.

नसीमबी घरात एकटीच होती. दीर कामाला गेलेला. भिंतीला कापूस पिंजायची पिंजण टांगलेली, तिच्या तातीवर अजून कापसाचे तंतू होते. हात मोकळे, गळा मोकळा. मदिनाबीपेक्षा वयानं लहान. रंगाऱ्याकडच्या बाया म्हटल्यावर तिनं चटई टाकली.

"पुरसा देने आये क्या?" दुखवट्याला आल्या असं समजून तिनं विचारलं.

मदिनाबीनं सांगितलं. जेवढं होतं तेवढं, एका दमात. रुमाल माझा आहे, मी खोटं बोलले. नसीमबी ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "लाल है. उनों बी लाल बांधते थे."

"तुमारे घर का कपडा हमारेच पास आता था," मदिनाबी म्हणाली. "पिंजारी का. तुमारे रुमाल कू मैं दुहेरी गाँठ बांधती थी. कोने में दो कडे दिखते, एक में एक."

नसीमबी उठली, कोनाड्यातून रुमाल आणला. एक कोपरा बघितला. दुसरा, तिसरा, चौथा. मग पहिला पुन्हा. अंगठ्यानं चोळून बघितला, जणू कडं मळाखाली गेलं असेल.

"फातिहा हो गई," ती म्हणाली. "देवर बोले, अच्छा हुआ, एक बात तो नक्की हुई. मैं बी बोली, अच्छा हुआ." थोड्या वेळानं म्हणाली, "तुम नै आते तो?"

"नै आते तो," सरदारबी म्हणाली, "तेरा मियाँ आया तो दरवाजा कौन खोलता?"

"आयेंगे क्या?"

सरदारबीनं पदर सारखा केला. बाहेर गोरोबाचा बैल मान हलवत होता, त्याच्या गळ्यातली घुंगरं वाजली आणि थांबली.

नसीमबीनं रुमालाची घडी मदिनाबीच्या मांडीवर ठेवली. मग कोनाड्यातून पितळेची डबी काढली. तिच्यात तोडलेल्या लच्छ्याचे मणी होते. सुई घेतली, दोरा ओवला. पण मण्याचं भोक सापडेना. दोनतीन मणी चटईवर सांडले. मदिनाबीनं तिच्या हातातून सुई घेतली आणि मणी ओवायला लागली.

काळ्याला शेड नसते असं लोकांना वाटतं. रंगाऱ्याला माहीत असतं की सगळ्यात जास्त काळ्यालाच असतात. मदिनाबीनं एकेक मणी उचलला, बघितला, ओवला. सगळे सारखेच काळे दिसत होते. लच्छा पुरा झाल्यावर तिनं तो नसीमबीच्या गळ्यात बांधला आणि मागं गाठ मारली. कुणीच रडलं नाही.

परत येताना गोरोबानं शेताच्या बांधाला गाडी थांबवली. तीन उंचवटे होते. त्यांवर गवत यायला लागलं होतं.

"यातला कोणता?" सरदारबीनं विचारलं.

"ते न्हाय सांगता यायचं, चाची."

सरदारबीनं तिघांसाठी फातिहा पढली. मदिनाबीचे ओठ हलत होते. गोरोबा पागोटं काढून लांब उभा राहिला.

घरी आल्यावर सरदारबीनं सुनेला पाठमोरं बसवलं आणि तिच्या लच्छ्याची गाठ सोडायला घेतली. गाठ जुनी होती, तेलानं चिकट झालेली, नखानं सुटेना. म्हातारीनं दातांनी दोरा तोडला. मणी रंगाचे डाग पडलेल्या जमिनीवर पसरले आणि दोघींनी ते गोळा केले. मग सरदारबीनं चूल पेटवली आणि दोनच भाकऱ्या केल्या.

शिवलिंगप्पा बार्शीहून परत आले, दुकान उघडलं. नव्या डब्यांबरोबर नवा पुठ्ठाही आला. मदिनाबीची इद्दत संपली तेव्हा त्यांनी तो तिच्या घरी पाठवून दिला. रंगाचं काम तिनं पुढं पुष्कळ वर्षं केलं. कापड बुडवणं, पिळणं आता तिचंच होतं. सरदारबी चुलाणाला जळण घालायची. कापड वाळल्यावर मदिनाबी दारात धरायची आणि शेड बरोबर आहे की नाही ते सांगायची. ते कधी चुकलं नाही. पण डाळीला, मडक्याला, माणसाच्या बोलण्याला तिनं तो शब्द पुन्हा लावला नाही.

आणि घरच्या कापडालाही ती गाठ बांधू लागली. स्वतःच्या लुगड्याला, सासूच्या लुगड्याला. पांढरं कडं पदराच्या कोपऱ्यात सरळ दिसायचं. "अपने घर का कपडा कहाँ जाता गे?" असं सरदारबीनं एकदाही विचारलं नाही. लुगडं रंगवायला काढलं की ती आपणहून कोपरा पुढं करायची.